एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीस

सन १९०८ च्या फेब्रुवारी महिन्याचा तो शेवटचा दिवस. वर्ष लीप असल्यामुळें तारीख २९ होती. त्या दिवशीं लंडन शहरांतून तीन लहान मोटारी निघाल्या आणि वेब्रिज गांवाजवळ आदल्याच वर्षीं बांधून झालेल्या ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या रस्त्यावर येऊन थांबल्या. गाड्या अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं तयार झालेल्या, कॅडिलॅक नांवाच्या, एका सिलिंडरच्या, अगदीं साध्या होत्या. त्यांच्या विक्रीचा मक्ता इंग्लंडांत फ्रेडरिक बेनेट या गृहस्थाकडे होता. अमेरिकन मोटार म्हणजे स्वस्त आणि कच्च्या कामाची, असा त्या काळीं इंग्लिश लोकांचा दृढ समज होता. आणि तो समज दूर झाल्यावांचून आपल्या धंद्यास बरकत येणार नाहीं, हें बेनेट पुरतें ओळखून होता. म्हणून त्यानें रॉयल ऑटोमोबाइल क्लबाच्या देखरेखीखालीं एक परीक्षा देण्याचें पत्करिलें. ही परीक्षा देण्यास दुसरा एकही कारखानदार पुढें आला नाहीं.

परीक्षेंत वेगाचा किंवा चढण चढण्याचा प्रश्न नव्हता. बेनेटच्या दुकानांतील गाड्यांतून क्लबाच्या लोकांनीं तीन निवडून काढल्या होत्या. त्या ब्रुकलंड्सच्या रस्त्यावर कांहीं फेऱ्या चालवून पाहिल्या आणि कुलपांत घातल्या. सोमवारीं, मार्चच्या २ तारखेस, त्या बाहेर काढून खोलण्यास आरंभ झाला. चाकें, आंस, दट्टे, दांत्यांचीं चक्रें, कमानी, नट, बोल्ट असें सर्व सुटें करतां करतां एकेका गाडीचे ७२१ भाग झाले. तिन्ही मिळून २,१६३. मग क्लबाच्या निरीक्षकांनीं हे सर्व भाग एकत्र कालवून त्यांचा एक ढीग केला. कोणता दट्ट्या कोणत्या गाडीचा, हें त्यानंतर ब्रह्मदेवासही सांगतां आलें नसतें. एवढ्यावरही निरीक्षकांचें समाधान झालें नाहीं. ज्यांचें माप अत्यंत काटेकोर असावें लागतें असे ८९ भाग त्यांनीं ढिगांतून उचलून कुलपांत ठेविले आणि त्यांच्या ऐवजीं दुकानाच्या फळीवरचे नवे भाग देवविले. आतां या राशींतून पुन्हां तीन गाड्या उभ्या करावयाच्या. हत्यारें मात्र पाने आणि पेचकस एवढींच. कानस हातीं धरावयाची नाहीं.

ही कानशीची बंदी म्हणजेच परीक्षेचें सारें मर्म होय. त्या काळीं युरोपांतील नामांकित मोटारी कशा तयार होत, हें ध्यानीं घेतल्यावांचून बेनेटनें केवढें धाडस केलें तें कळावयाचें नाहीं. तेथें भाग यंत्रावर साधारण मापाचा उतरे आणि पुढें कसबी कारागीर त्याला कानशीनें घासून, लावून पाहून, पुन्हां घासून जागेवर बसवी. काम सुरेख होई, यांत शंका नाहीं. परंतु तो भाग त्याच एका गाडीपुरता असे. सुताराने एका दाराच्या चौकटीस बसविलेली झडप शेजारच्या चौकटीस घट्ट तरी होते किंवा सैल तरी राहते, तसाच हा प्रकार. अशी गाडी कारखान्यापासून दूर कोठें मोडली, म्हणजे नवा भाग नुसता मागवून भागत नसे. त्याच्याबरोबर तो बसविणारा कारागीरही लागे.

कोणत्याही यंत्राचा भाग तशाच दुसऱ्या यंत्रास बिनतक्रार बसावा, ही कल्पना मोटारीपेक्षां पुष्कळ जुनी आहे आणि तिचा जन्म बंदुकींत झाला. फ्रान्सांत ओनोरे ब्लांक नांवाचा एक बंदूक करणारा होता. १७८५ सालीं, फ्रान्सांतील अमेरिकेचा वकील टॉमस जेफरसन त्याच्याकडे गेला असतां, ब्लांकनें चापांचे सुटे भाग निरनिराळ्या राशी करून त्याच्यापुढें ठेविले. हातास येतील ते तुकडे उचलून जेफरसननें स्वतःच अनेक चाप जुळविले आणि ते सारे ठीक बसले. ही हकीकत त्यानें ३० ऑगस्ट १७८५ च्या पत्रांत अमेरिकेस कळविली असून, शस्त्रांच्या दुरुस्तीस याचा केवढा उपयोग होईल हेंही तींत नमूद केलें आहे. लढाईंत शंभर बंदुका मोडल्या तर त्यांच्याच भागांतून साठ-सत्तर पुन्हां उभ्या राहतील, हा त्यांतला हिशेब कोणत्याही सेनापतीस समजण्याजोगा होता. फ्रान्सांत मात्र ब्लांकची पद्धति पुढें टिकली नाहीं.

अमेरिकेंत हें श्रेय पुष्कळ दिवस एलाय व्हिटनी यास देण्यांत येत असे. १७९८ सालीं त्यानें सरकारास १०,००० बंदुका पुरविण्याचा करार केला आणि १८०१ सालीं राजधानींत पुढाऱ्यांसमोर चाप जुळवून दाखविण्याचा प्रयोगही केला. परंतु पुढें संशोधकांनीं त्याच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका खोलून पाहिल्या, तेव्हां त्यांचे भाग एकमेकांस बसत नाहींत आणि कित्येकांवर तर जोडी ओळखण्यासाठीं खुणा केलेल्या आहेत, असें आढळून आलें. ज्या भागास खूण करावी लागते तो कोठेंही बसणारा नव्हे, हें उघड आहे. शाळांच्या पुस्तकांतून व्हिटनीचें नांव अजून गाजतें तें गाजो. खरा मान हार्पर्स फेरी येथील सरकारी कारखान्यांत खपणाऱ्या जॉन हॉल यास दिला पाहिजे. १८२० नंतरच्या वर्षांत त्यानें प्रत्येक भागास स्वतंत्र माप-साचे करून खरोखरीच अदलाबदल होणाऱ्या बंदुका तयार केल्या. त्याचें नांव आज फारच थोड्यांस ठाऊक आहे.

स्प्रिंगफील्डच्या कारखान्यांत या विद्येची पुढें पूर्ण वाढ झाली. १८५४ सालीं इंग्लंड सरकारची एक समिति ती पाहण्यास गेली. समितीनें १८४४ पासून १८५३ पर्यंतच्या दहा वर्षांतील दर वर्षाची एक, अशा दहा बंदुका निवडल्या, त्या खोलविल्या आणि भाग मिसळले. आणि एका कामगारानें केवळ पेचकसानें त्या दहाही पुन्हां जुळवून दिल्या. समिति चकित झाली. अमेरिकेंतून यंत्रें विकत घेऊन इंग्लंडनें एन्फील्ड येथील आपला कारखाना त्याच पद्धतीवर उभारला. एन्फील्ड हें नांव १८५७ च्या काडतुसांमुळें आपल्याकडील शाळकरी मुलांसही माहीत आहे. त्या नांवामागें ही एवढी कथा आहे.

याच स्प्रिंगफील्डच्या कारखान्यांत, अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळीं, हेन्री लेलंड नांवाचा एक तरुण यंत्रकार कामास होता. १८४३ सालीं व्हर्माँट प्रांतांत त्याचा जन्म झाला होता. पुढें त्यानें प्रॉव्हिडन्स शहरांत ब्राउन अँड शार्प या मापनाच्या साधनांविषयीं प्रसिद्ध असलेल्या कारखान्यांत १८७२ पासून बरीच वर्षें काढलीं. तेथें इंचाचा हजारावा भाग म्हणजे रोजच्या व्यवहारांतलें माप होतें. १८९० सालीं तो डेट्रॉइटला आला. आणि मोटारीचा धंदा तेथें सुरू झाला तेव्हां इंजिनें करूं लागला. त्याचें इंजिन आणि त्याच नकाशावरून दुसऱ्या कारखान्यांत झालेलें इंजिन शेजारीं शेजारीं चालवून पाहिलें, तर लेलंडच्या इंजिनांतून अधिक शक्ति निघे. भाग नेमके असल्यामुळें आंतलें घर्षण कमी होई, एवढेंच त्याचें कारण. १९०२ सालीं हेन्री फोर्डनें सोडून दिलेल्या एका मोटार कंपनीच्या चालकांनीं, ती मोडीत काढण्यासाठीं यंत्रांची किंमत ठरविण्यास लेलंडला बोलाविलें. त्यानें किंमत सांगितली. पण कंपनी मोडूं नका, माझें इंजिन घेऊन गाडी करा, असेंही सुचविलें. चालकांनीं तें ऐकिलें. त्या कंपनीचें नांव डेट्रॉइटच्या फ्रेंच संस्थापकावरून कॅडिलॅक असें ठेवण्यांत आलें.

लेलंडची शिस्त कशी होती, याची एक गोष्ट पुढें जनरल मोटर्सचा सूत्रधार झालेल्या आल्फ्रेड स्लोन यानें आपल्या आठवणींत सांगितली आहे. स्लोन त्या वेळीं बेअरिंगें विकीत असे. त्याच्या मालाविषयीं तक्रार होऊन लेलंडनें त्यास बोलावून घेतलें आणि मायक्रोमीटर हातीं घेऊन, त्यानें पाठविलेलीं बेअरिंगें एकमेकांशीं जुळत नाहींत हें त्याच्यासमक्ष दाखवून दिलें. पांढऱ्या दाढीच्या त्या म्हाताऱ्यापुढें तरुण स्लोन ओशाळून गेला. नेमकेपणा म्हणजे काय, हें आपण त्या दिवशीं शिकलों, अशी कबुली त्यानें दिली आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. दोन भाग अगदीं तंतोतंत सारखे असूंच शकत नाहींत. सूक्ष्मांत सूक्ष्म मापानें पाहिलें तर फरक सांपडतोच. लेलंडसारख्या माणसांची युक्ति अशी, कीं किती फरक चालेल तें आधींच ठरवून टाकावयाचें. समजा, एका दांड्याची जाडी एक इंच पाहिजे आणि इंचाच्या हजाराव्या भागाइतकी कमी चालेल. तर दोन भोंकांची एक पट्टी करावी. एका भोंकांतून दांडा गेलाच पाहिजे, दुसऱ्यांतून जातां कामा नये. ज्या कामगारास अंकही नीट वाचतां येत नाहींत, त्यासही ही परीक्षा करतां येते. आतां ती पट्टी तरी बरोबर आहे हें कशावरून? त्यासाठीं स्वीडन देशांतील कार्ल योहानसन यानें पोलादाच्या लहान लहान ठोकळ्यांचा एक संच शोधून काढला. त्यांतील १०२ ठोकळे निरनिराळ्या तऱ्हेनें एकावर एक ठेवले म्हणजे सुमारें वीस हजार निरनिराळीं मापें मिळत. आणि त्यांचे पृष्ठभाग इतके सपाट असत, कीं दोन ठोकळे एकमेकांवर दाबून सरकविले असतां चिकटून बसत. हे ठोकळे अमेरिकेंत प्रथम आणविणाऱ्यांत लेलंडची गणना होते.

ब्रुकलंड्सला बेनेटच्या माणसांनीं गाड्या जुळविण्यास आरंभ केला तो असल्या तयारीच्या भरंवशावर. मार्च महिना, इंग्लंडांतला पाऊस आणि पत्र्याची उघडी शेड. अडचणींस तोटा नव्हता. तिसरी गाडी ११ मार्च रोजीं उभी राहिली. तिन्ही गाड्यांचे मूळ रंग निरनिराळे होते, त्यामुळें जुळून आलेल्या गाड्यांचीं अंगें गोधडीसारखीं ठिगळाठिगळांचीं दिसत. पाहणारे त्यांस सर्कशींतील विदूषकांच्या पोषाखाची उपमा देत. परंतु यंत्रें सुरू झालीं. लगेच गाड्या रस्त्यावर घालून प्रत्येकीस ५०० मैल धांवविण्यांत आलें आणि १३ मार्चपर्यंत तिन्ही गाड्यांनीं ती धांव पुरी केली. त्यांतली एक गाडी क्लबानें कुलपांत ठेवून दिली आणि त्याच वर्षीं पुढें झालेल्या २,००० मैलांच्या कसोटीस उतरविली. तींतही ती आपल्या वर्गांत पहिली आली. त्या वर्षाचें ड्यूअर पारितोषिक क्लबानें कॅडिलॅकला दिलें. मोटारीच्या धंद्यांतील यांत्रिक प्रगतीबद्दल दरसाल दिला जाणारा हा मोठा मान अमेरिकन गाडीस मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. ‘जगाचें प्रमाण’ अशा अर्थाचें ब्रीद कॅडिलॅक कंपनीनें त्यानंतर मिरविलें. तें जाहिरातीचें असलें तरी अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं.

येथवरची कथा एकाच नमुन्याच्या गाड्यांची झाली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत फोर्डची ‘मॉडेल टी’ निघाली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीच्या घरांत तिची निपज झाली. तिच्या यशाचा पायाही हाच होता. परंतु एका नमुन्याचा भाग दुसऱ्या नमुन्यास, किंवा एका कारखान्याचा दुसऱ्या कारखान्याच्या गाडीस कां बसूं नये, हा प्रश्न निराळा आणि अधिक बिकट आहे. तो प्रथम लहान कारखानदारांस जाचूं लागला. ते बहुतेक भाग बाहेरून विकत घेत. आणि प्रत्येकाचें माप वेगळें असल्यामुळें, माल पुरविणारा बुडाला तर याचीही गाडी अडे. १९१० सालीं हॉवर्ड कॉफिन हा अमेरिकेंतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि मापें एक करण्याचें काम त्यानें नेटानें हातीं घेतलें. पोलादी नळ्यांचे त्या वेळीं १,६०० प्रकार वापरांत होते, ते २१० वर आले. नट सैल होऊं नये म्हणून खालीं घालावयाच्या वॉशरांचे ८०० होते, त्यांचे १६ राहिले. सोळांनीं काम भागत असतां आठशें प्रकार कशास झाले असावे, याचें उत्तर प्रत्येकाच्या आढ्यतेंत शोधावें लागतें. फोर्डास या खटाटोपाची गरज वाटली नाहीं. तो स्वतःच एक जग होता.

मोठ्या कंपन्यांत ही गोष्ट घडवून आणली ती स्लोननें, म्हणजे लेलंडपुढें ओशाळलेल्या त्या विक्रेत्यानेंच. १९२६ सालीं जनरल मोटर्सनें पॉन्टिअॅक नांवाची नवी गाडी बाजारांत आणली. इंजिन सहा सिलिंडरचें, नवें. पण सांगाडा आणि अंगाचे पुष्कळ भाग शेव्हर्लेशीं जुळते ठेविले होते. घेणारास दोन निराळ्या दर्जाच्या गाड्या दिसाव्या आणि कारखान्यास साचे मात्र एकदांच करावे लागावे, असा हा व्यापारी हिशेब. तो यशस्वी झाला आणि सर्वांनीं उचलला.

मात्र त्याचा परिणाम असा झाला, कीं भाग एकच आणि नांवें व क्रमांक अनेक, असा नवा गोंधळ माजला. प्रत्येक कंपनी आपल्या पुस्तकांत त्याच भागास आपला वेगळा क्रमांक देई. आणि सारखेपणा उघड करून सांगण्यांत तिला कांहीं स्वारस्यही नसे. तें काम मोडीच्या व्यापारांतून झालें. १९३४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत हॉलंडर या नांवानें अदलाबदलीचें एक पुस्तक निघालें. कोणत्या सालच्या कोणत्या गाडीचा भाग दुसऱ्या कोणत्या गाडीस चालतो, याच्या याद्या त्यांत होत्या, आणि मोडक्या गाड्यांच्या वखारींतून तें पुस्तक शास्त्रग्रंथासारखें वापरलें जाऊं लागलें. आज तीच यादी संगणकावर चालते. बेअरिंगांच्या बाबतींत मात्र सर्व जगानें शहाणपणानें एकच क्रमांक धरला आहे. ६२०३ क्रमांकाचें बेअरिंग कोणत्याही देशांतलें घ्या. भोंक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. याच मालिकेंत शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्यापुढचे असले, तर त्यांस पांचांनीं गुणावें म्हणजे भोंकाचें माप निघतें. ०५ असल्यास २५. असा क्रमांक स्वतःच आपली ओळख सांगतो आणि पुस्तक उघडण्याचें कारण राहत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत या विद्येची कसोटी पुन्हां रणांगणावर लागली. अमेरिकन सैन्यास हलकी, कोठेंही जाणारी गाडी पाहिजे होती. तिचा पहिला नमुना १९४० सालीं बॅन्टम या लहानशा कंपनीनें केवळ ४९ दिवसांत करून दिला. पण मोठें काम विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेलें. नोव्हेंबर १९४१ मध्यें फोर्डनें विलिसच्याच नकाशावरून गाडी करण्याचें मान्य केलें, आणि एकीचा भाग दुसरीस बसलाच पाहिजे, असा सैन्याचा दंडक होता. विलिसनें साडेतीन लाखांवर आणि फोर्डनें पावणेतीन लाखांवर अशा जीप गाड्या केल्या. फोर्डनें आपल्या भागांवर, अगदीं बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धां, इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटविलें. तेवढ्यावरून आजही जुन्या जीपचे शौकीन कोणता तुकडा कोणाकडचा तें ओळखतात. आणि ज्या गाडीचे सारेच तुकडे एका घरचे आहेत अशी गाडी सांपडणें दुर्मिळ असतें, कारण युद्धांतील मिस्त्री हातास येईल तो भाग लावून पुढें जात. बॅन्टमच्या वांट्यास तेवढे जीपमागें जोडावयाचे छकडे आले. गाडीचा पहिला आराखडा करणाऱ्याची ही बोळवण मनास लागल्यावांचून राहत नाहीं.

इतकें असूनही इंग्रज आणि अमेरिकन या दोस्तांचे स्क्रू एकमेकांस बसत नव्हते. इंग्लंडांत १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थनें आट्यांचा कोन ५५ अंशांचा ठरविला होता. अमेरिकेंत १८६४ सालीं विल्यम सेलर्सनें ६० अंशांचा सुचविला. या पांच अंशांच्या फरकानें युद्धांत कहर केला. पॅकार्ड या अमेरिकन कारखान्यानें रोल्स-रॉइसचीं मर्लिन विमान-इंजिनें करावयास घेतलीं, तेव्हां त्यास इंग्लिश आट्यांसाठीं निराळीं हत्यारें करावीं लागलीं. अखेर १९४८ सालीं अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तिघांनीं एक आटा मान्य केला.

मुंबईकरांचा या प्रकरणाशीं संबंध कुर्ल्यास येतो. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तेथील कारखान्यांत, क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें, डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा तीन नांवांच्या गाड्या जुळविल्या जात. १९५० च्या सुमारास परदेशीं पाठविण्याच्या लहान डॉज आणि डिसोटो या वस्तुतः प्लिमथच होत. पुढची जाळी आणि नांवाची पट्टी तेवढी निराळी. इंजिनाचे व सांगाड्याचे भाग बहुतेक तेच. म्हणून डॉजवाल्यास प्लिमथचा भाग खुशाल चाले. घोटाळा होई तो निराळाच. अमेरिकेंत डॉज नांवानें विकली जाणारी गाडी अंगानें मोठी आणि वेगळ्या मापाची होती. त्यामुळें अमेरिकन यादींत ‘डॉज’ या सदराखालीं पाहून जो मालक भाग मागवी, त्याचा भाग आगबोटीनें दोन-तीन महिन्यांनीं येऊनही बसत नसे. भाग मागविण्यापूर्वीं गाडीच्या नाकावरचें नांव न वाचतां, सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक पाहावा लागे, आणि तो क्रमांक प्लिमथच्या पानावर सांपडे.